वरची मूठ

महिपत घाडगे यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांचं नाक काही निवृत्त झालं नव्हतं. न्हावा-शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे तीस वर्षं कागद हलवून त्यांना एक खोड जडली होती. कागद हातात आला की आधी आकडे वाचायचे, मग मजकूर. दोन्ही जुळले नाहीत की माणसाला जेवण गोड लागत नसे. बायको शालन म्हणायची, "अहो, तुम्ही लग्नपत्रिकेतली तारीख आणि वारसुद्धा पडताळून बघता." ते खरंच होतं. एकदा वार चुकलेला सापडलाही होता, आणि ती गोष्ट ते अजून सांगत.

डोंबिवलीला रामनगरात एका जिन्याखालच्या खोलीत ते आता लहान निर्यातदारांचे अर्ज भरून देत. समुद्रापलीकडच्या देशांत माल पाठवणाऱ्या छोट्या उद्योगांना जहाजभाड्याचा काही भाग सरकार परत देतं, त्या मदतीचे अर्ज. मोठी कंपनी अख्खा कंटेनर घेते, तिला भाडं परवडतं. चाळीस खोकी पाठवणाऱ्याला दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरचा कोपरा घ्यावा लागतो, आणि कोपरा नेहमीच महाग पडतो. ही मदत नसेल तर असली माणसं पहिल्या खेपेतच हात टेकतात, हे महिपतरावांनी बंदरात पुष्कळदा पाहिलं होतं.

त्या मंगळवारी ऐश्वर्या कोळी आली ती चप्पल बाहेर काढायचं विसरूनच.

"काका, हे बघा ना काय आलंय."

ऐश्वर्या ही ठाण्याला कोपरीच्या कोळीवाड्यातली सून. बी.कॉम. झालेली, चटपटीत, बोलायला लागली की समोरच्याला दम घ्यायला लावणारी. तिची सासू भागीरथी हिचा मसाला वाड्यात नावाजलेला होता. तीन वर्षांपूर्वी टेंभी नाक्याच्या नवरात्रात सासू-सुनांनी हौसेनं एक टेबल मांडलं, तिथे सर्वेश नावाचा एक चिपळूणकर दहा पुड्या घेऊन गेला. त्याचं मस्कतमध्ये वाणसामानाचं दुकान होतं. महिन्याभरात त्याचा फोन आला की अजून हव्यात, बोटीनं पाठवा. तेव्हापासून मसाला मस्कतला जात होता आणि वाड्यातल्या बारा बायकांना बारमाही काम मिळालं होतं. त्याआधी मिरच्या भाजण्या-कांडण्याचं काम चैत्र-वैशाखापुरतंच असे.

महिपतरावांनी चष्मा वर केला आणि पत्र वाचलं. पत्र ठाण्याच्या सरकारी कार्यालयातून आलं होतं. आपण जाहीर केलेलं वजन आणि बंदराच्या गोदामात प्रत्यक्ष भरलेलं वजन यांत सातही खेपांमध्ये तफावत आढळली आहे, जाहीर न केलेला माल पाठवला जात असल्याची शंका येते, पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास आपलं नाव मदतीच्या यादीतून कमी करण्यात येईल.

"नाव गेलं तर मस्कत गेलं काका," ऐश्वर्या म्हणाली. "भाडं आमच्या खिशातून नाही निघणार. त्या बारा जणींना मी काय तोंड दाखवू?"

असल्या पत्राला एक ठरलेलं उत्तर असतं. 'काट्यातील फरकामुळे' असं लिहायचं, खाली सही करायची. महिपतरावांनी ते शंभरदा लिहिलं असेल. पेन उघडलंही. पण पत्राच्या मागच्या बाजूला सात खेपांचा तक्ता होता, आणि त्यांची नजर तिकडे गेली. जाहीर वजन प्रत्येक वेळी चारशे बत्तीस किलो, चारशे मसाल्याचे आणि बाकीचे खोक्या-पिशव्यांचे. जास्त भरलेलं वजन मात्र असं: वीस, वीस, बारा, वीस, बत्तीस, वीस, वीस.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"काट्यातली चूक इतक्या शिस्तीत वागत नाही, ऐश्वर्या. आणि चोर तर त्याहून नाही. वीस म्हणजे वीसच? दर वेळी? आणि मग मध्येच बारा कसे? बत्तीस कसे?"

"मला काय माहीत! मी स्वतः वजन करते. पाचशे ग्रॅमची पुडी, एका खोक्यात वीस पुड्या, खेपेला चाळीस खोकी. काट्यावर पाचशेच्या वर एक ग्रॅम जाऊ देत नाही मी."

"मग उद्या येतो," महिपतराव म्हणाले. आवाजात काळजी आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण खरं सांगायचं तर त्यांना आतून उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी ते कोपरीला उतरले. वाटेत एका वाण्याकडून पितळेची वजनं मागून घेतली आणि ती पिशवीत खुळखुळवत कोळीवाड्यात शिरले. भागीरथीच्या घराच्या पडवीत मिरच्या भाजण्याचं काम चाललं होतं, पुड्या भरायचा तो दिवस नव्हता. खाटल्यावर भागीरथीचा नवरा धाकू जाळं विणत बसला होता. खाडीत मासा उरला नव्हता तरी त्याचं विणणं काही थांबलं नव्हतं.

महिपतरावांनी आधी काटा तपासला. बरोबर. रिकामं खोकं तोललं. बरोबर. मग त्यांनी घसा खाकरला आणि भरून ठेवलेलं एक खोकं उघडायला सांगितलं. त्यांच्या मनात सुकट होती. मस्कतला राहणाऱ्या भाचीसाठी कुणी बाईनं मसाल्याच्या तळाशी सुकट दडवावी आणि सरकारला त्याचा पत्ता नसावा, असलं त्यांनी बंदरात पाहिलेलं होतं. खोक्यात वीस पुड्या निघाल्या आणि दुसरं काही नाही.

भागीरथी कंबरेवर हात ठेवून हे सगळं बघत होती. सत्तरीची, बुटकी, मनगटात हिरवा चुडा.

"काय गो ऐशू, यो भाऊ आमचे घरान काय शोधतंय? चोरी?"

"नाही हो, नाही," महिपतराव ओशाळले.

"मंग ही धर पुडी. उघरलेले खोक्याची हाय, आता ती बोटीवर नाय जानार. घरा ने, वहिनीला सांग कोलंबीला घाल."

पुडी घेऊन ते डोंबिवलीला परतले. हाती काहीच लागलं नव्हतं. दिवस एक कमी झाला होता.

शालनवहिनींना अलीकडे केक करायचा नाद लागला होता आणि ओट्यावर त्यांचा एक छोटा काटा कायम मांडलेला असे. त्यांनी पुडी बरणीत ओतायच्या आधी सहज काट्यावर ठेवली.

"अहो, ही बाई व्यापार करते की दानधर्म? पाचशे लिहिलंय आणि पिशवी धरली नाही तरी पंचवीस वर भरतायत."

महिपतराव खुर्चीतून उठले. पंचवीस ग्रॅम. आठशे पुड्या. तोंडी गुणाकार करायला त्यांना फार वेळ लागला नाही. वीस किलो.

म्हणजे काटा खरा होता, ऐश्वर्या खरी होती, आणि तरी पुडी जड होती. त्या दिवशी कोलंबीचं कालवण फर्मास झालं होतं, पण त्यांनी ते कशाबरोबर खाल्लं हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पुड्या भरायचा दिवस शुक्रवारचा. महिपतराव सकाळी नऊलाच पडवीत एका स्टुलावर जाऊन बसले आणि बघत राहिले. ऐश्वर्या काट्यावर पिशवी ठेवून मसाला भरत होती. चारशे ऐंशी, चारशे पंच्याण्णव, पाचशे. पिशवी काट्यावरून उचलून तिनं सासूकडे दिली. भागीरथी शेजारणीशी कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होती. तिनं पिशवीकडे बघितलंही नाही. उजवा हात शेजारच्या टोपात घातला, मूठभर मसाला काढला, पिशवीत सोडला आणि पिशवी पुढच्या बाईकडे सरकवली. त्या बाईनं पिशवीचं तोंड बंद केलं. ऐश्वर्याची पुढची पिशवी आली. पुन्हा हात टोपात.

"हे काय?" महिपतराव जवळजवळ ओरडले.

सगळ्या बायका थांबल्या. "काय?" ऐश्वर्यानं विचारलं.

"आत्ता टाकलं ते!"

"ते? ते वरचं."

"वरचं म्हणजे?"

"वरचं म्हणजे वरची मूठ, काका. काट्यावरून उतरल्यावर द्यायची असते. आमच्यात मासळीचा वाटा देतानासुद्धा वर काहीतरी टाकतातच ना, चार कोलंब्या, एखादा बोंबील. आईंच्या आईपासून आहे ते."

"अगं पण तू बी.कॉम. ना? मी परवा तुला विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंस?"

ऐश्वर्या खरोखरच गोंधळली. "तुम्ही वजन विचारलंत. हे कुठे वजनात येतं? हे आपण विकत नाही ना. मग लिहिणार कसं?"

तिनं काही लपवलं नव्हतं. तिच्या लेखी ती मूठ मालात धरायचीच नव्हती, त्यामुळे मालाचं वजन लिहिताना तिला ती आठवायचं कारण नव्हतं. महिपतरावांनी तीस वर्षांत हजार प्रकारच्या लबाड्या पाहिल्या होत्या, पण असली चूक त्यांना नवीन होती.

त्यांनी खिशातून तक्ता काढला. अजून दोन आकडे उरले होते, आणि ते उरले असताना त्यांना चहासुद्धा घशाखाली उतरला नसता.

"तिसरी खेप. तेव्हा बाराच किलो जास्त आहे."

ऐश्वर्यानं आठवलं. "तेव्हा आईंचा हात भाजलेला. मूठ मी टाकलेली." तिनं आपला पंजा उघडून पाहिला. लहानसा, बोटं सडसडीत. सासूच्या पंजाच्या निम्म्याहून थोडा मोठा.

"आणि पाचवी? बत्तीस?"

बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. "तवा वाड्यान हलद होती," भागीरथी म्हणाली. "आमी सगल्या नाचाला. पुड्या येनी भरल्या." आणि तिनं हनुवटीनं खाटल्याकडे दाखवलं.

धाकूनं जाळं बाजूला ठेवलं आणि हात वर केला. चाळीस वर्षं वल्हं मारलेला हात. त्या पंजात नारळ मावला असता.

महिपतरावांना इतका आनंद झाला की त्यांनी म्हाताऱ्याचा तो हात धरून दाबला. सात खेपा, तीन हात. सगळं जुळलं होतं.

आनंद ठाण्याच्या कार्यालयापर्यंत टिकला. तिथल्या अधिकारी दक्षता मॅडम तिशीतल्या, टेबलावर फायलींची चळत, पण डोळे जागे. त्यांनी खुलासा एकदा वाचला, मग पुन्हा वाचला.

"काका, 'सासूबाईंची मूठ पंचवीस ग्रॅमची असल्याने' हे वाक्य मी वरच्या साहेबांकडे पाठवू?"

"खरं आहे, मॅडम."

"असेल हो. पण मी सिद्ध कसं करू? कुणाची मूठ रोज सारखी पडते का?" त्या थांबल्या. मग त्यांचाच प्रश्न त्यांना आवडला असावा. "पडते का?"

म्हणून सोमवारी भागीरथी ठेवणीतलं लुगडं नेसून, मसाल्याचा डबा आणि शालनवहिनींचा काटा घेऊन, ऐश्वर्या आणि महिपतरावांबरोबर सरकारी कार्यालयात गेली. टेबलावरच्या फायली हलवल्या गेल्या. काटा मांडला. पलीकडच्या टेबलांवरची मंडळीही जमली. भागीरथीनं डब्यात हात घातला.

पंचवीस. पंचवीस. चोवीस. पंचवीस. सव्वीस. पंचवीस.

"आजी, न बघता टाका," मॅडम म्हणाल्या.

"मी बघतेय कवा?" भागीरथी म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती. काटा पुन्हा पंचवीस.

एव्हाना कार्यालयात शिंकांचा पाऊस सुरू झाला होता, पण कुणी जागचं हललं नाही. दक्षता मॅडमनी न राहवून स्वतः हात घातला. एकोणीस. पुन्हा घातला, तेवीस. पुन्हा, सोळा. त्यांनी बोटं रुमालाला पुसली, खुर्चीत बसल्या आणि खुलासा मान्य केल्याचा शेरा लिहिला. ऐश्वर्यानं टेबलाची कड धरली होती ती तेव्हा सोडली.

"पण एक आहे," मॅडम म्हणाल्या. "हे मागचं झालं. पुढच्या खेपेपासून पुडीवर लिहिलेलं वजन आणि आतलं वजन एकच पाहिजे. नाहीतर पुन्हा पत्र येईल आणि तेव्हा मला काही करता येणार नाही. सोपं आहे, आजी. मूठ टाकून मगच वजन करा. पाचशे पंचवीस लिहा."

भागीरथीनं मान वळवली. "पन मोजून दिली तं ती वरची कशी?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"काट्यावरचा माल गिऱ्हाइकाचा," ती समजावून सांगायला लागली, लहान मुलीला सांगावं तशी. "त्याचं त्यानं पैसं दिलं. त्याच्यान आमी काय दिलं? मूठ आमची. ती मोजली का तिचंबी पैसं झालं."

मॅडमनी शेरा लिहिलेला कागद फायलीत लावला. त्यांच्या हातात नियम होता आणि तो काही वाईट नियम नव्हता. भागीरथीनं सुनेकडे पाहिलं, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "बारा बाया हान माझे पडवीन. हात आवरीन मी."

आधी भरलेल्या पुड्या उघडून आठवी खेप पुन्हा भरताना महिपतराव मुद्दाम गेले. गरज नव्हती, पण आकडे जुळताना बघायचे होते. ऐश्वर्यानं पाचशेची पिशवी दिली. भागीरथीचा हात आपसूक टोपात गेला, मूठ भरली, वर आली आणि पिशवीच्या तोंडाशी थांबली. मग परत टोपात जाऊन उघडली. पुढची पिशवी आली. हात पुन्हा गेला, पुन्हा थांबला. टोप दुसरीकडे ठेवा असं कुणीतरी सुचवलं, तर ती म्हणाली, राहू दे. त्या दिवशी ती कुणाच्याही सुनेबद्दल काही बोलली नाही.

महिपतरावांनी स्टुलावर बसून पन्नासेक पिशव्या पाहिल्या आणि मग त्यांच्याच्यानं पाहवेना. ठरलेलं उत्तर लिहून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं, असं त्यांना वाटलं. बिघडलं असतं, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांना स्वतःच्या नाकाचा राग आला. बंदरात खेप भरली चारशे बत्तीस किलो, ग्रॅमचाही फरक नाही. पावती बघून त्यांना पहिल्यांदाच जुळलेल्या आकड्यांचा आनंद झाला नाही.

तीन आठवड्यांनी ऐश्वर्याचा फोन आला. "काका, घरी या. सर्वेशभाऊंचा मेसेज आलाय. तुम्ही ऐकाच."

पडवीत सगळ्या जमल्या होत्या. ऐश्वर्यानं फोन टोपावर उभा केला आणि सर्वेशचा आवाज लावला.

"वहिनी, माल मिळाला. पण या खेपेच्या पुड्या हलक्या आल्यात. वजन बरोबर आहे, मी बघितलं, पाचशेच आहेत. पण इथल्या बायका काट्यावर कुठे घालतात, हातात धरूनच सांगतात. परवापासून चौघींनी विचारलं. रागावून नाही हो. टेंभी नाक्यावर आजी वर मूठ टाकत होत्या, ते मीच त्यांना सांगितलेलं. म्हणतात, मूठ घालणारी आजी गेली का?"

ऐश्वर्यानं सासूकडे बघितलं. भागीरथीनं पदर तोंडाला लावला होता, खांदे हलत होते, आणि ती रडतेय असं वाटून शेजारीण पुढे झाली. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"त्याला सांग गो, जिती हाय म्हनावा! आयला, समुंदराचे पलीकरे माझी मूठ वलखतान!"

तेव्हा महिपतरावांच्या डोक्यात आणखी एका खोक्याची कल्पना आली. त्यांनी पेन काढलं. चाळीस खोकी विक्रीची, वजन चोख. एक्केचाळिसावं वेगळं, वीस किलो सुटा मसाला, कागदावर तसंच लिहायचं: विक्रीसाठी नाही. सर्वेशनं पुडी विकली की त्या सुट्या मसाल्यातून मूठभर कागदात बांधून वर द्यायची. सगळं जाहीर, लपवाछपवी नाही, आणि मूठ काट्यावर चढायची गरज नाही.

"याच्याही भाड्याला मदत मागून बघू," ते लिहिता लिहिता म्हणाले. "मिळाली तर मिळाली."

"नको," भागीरथी म्हणाली. "या खोक्याचा भारा आमी भरू. सरकारचे पैशानं वरची मूठ देतान काय?"

बारा बायकांमधून कुणीच नाही म्हटलं नाही. महिपतरावांनी त्या रकान्यात 'मागणी नाही' असं लिहिलं. तीस वर्षांत हा रकाना त्यांनी कधी असा भरला नव्हता.

ऐश्वर्या लगेच सर्वेशला फोन लावायला निघाली, तशी भागीरथीनं तिला थांबवलं. "असा नको. त्याचं तोंड दिसंल असा लाव."

फोनच्या पडद्यावर सर्वेश आला, मागे डाळींच्या गोण्या. ऐश्वर्यानं सगळं समजावलं. त्यानं मान डोलावली, हो म्हणाला, आजींना नमस्कार केला.

"नमस्कार ऱ्हाऊ दे," भागीरथी म्हणाली. "हात दाखव."

"काय?"

"तुझा हात, हात. उघरून दाखव."

सर्वेशनं बुचकळ्यात पडून पंजा पडद्याजवळ धरला. भागीरथीनं फोन हातात घेतला आणि मसाल्यानं लाल झालेला आपला पंजा त्यावर टेकवला, बोटाला बोट लावून. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिनं हात काढला. काचेवर लाल ठसा उमटला होता आणि त्याच्या आत सर्वेशचा हात लहान दिसत होता.

"बारीक हाय रं तुझा," ती म्हणाली. "तू दोनदा टाक."